हळद लावलेलं नाणं आणि आठ पडणारे चिंचोके

आमच्या वर्गातल्या कपाटात सध्या एक रुपयाची वीस-पंचवीस नाणी पडून आहेत आणि ती सगळी पिवळी आहेत. सांगलीत हळदीला काय तोटा नाही, पण नाण्यांना का लावली हे शिपाईमामांनी दोनदा विचारलं, त्यांना वाटलं काहीतरी पूजेचं असेल. पूजेचं नाही ओ मामा, संभाव्यतेचं आहे, असं सांगितल्यावर ते "बरं बरं" म्हणून गेले, तिसऱ्यांदा विचारलं नाही.

झालं असं की आठवीचा एक ऑफ पिरियड माझ्या वाट्याला आला. पोरं कंटाळलेली, बाहेर पाऊस, ग्राउंडवर सोडायची सोय नाही, म्हणलं जरा नाणी उडवून बघू. आता आपल्या बोर्डात संभाव्यता येते थेट दहावीला, गणित भाग १ मध्ये, आणि तोपर्यंत पोरं सूत्राला इतकी सरावलेली असतात की नमुना अवकाश (म्हणजे येऊ शकणाऱ्या सगळ्या निकालांची यादी) लिहितात, एन ऑफ ए भागिले एन ऑफ एस, म्हणजे हवे ते निकाल भागिले सगळे निकाल करतात, मार्क घेतात आणि मोकळी होतात. मी बरीच वर्षं दहावीला शिकवतेय, पेपरात पैकीच्या पैकी घेणाऱ्या पोराला जिन्यात अडवून विचारलं ना की दोन नाणी उडवली तर एक छापा एक काटा यायची शक्यता किती, तर निम्मी पोरं एक तृतीयांश म्हणतात. पेपरात बरोबर, जिन्यात चूक. म्हणून मला हे सातवी-आठवीतच, मार्कांचा काही संबंध नसताना करून बघायचं होतं.

तर तोच प्रश्न विचारला. पहिल्या बाकावरची एक पोरगी आहे, हात वर करायच्या आधीच उत्तर देणारी, ती म्हणाली, "बाई, एकतर दोन्ही छापा, नाहीतर दोन्ही काटा, नाहीतर एक-एक. तीन प्रकार झाले. मग एक तृतीयांश." वर्ग खूश, कारण उत्तर लवकर आलं. मी फळ्यावर चार जोड्या लिहिल्या, छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा, आणि म्हणलं चारातल्या दोन, म्हणजे अर्धी शक्यता.

"पण मधल्या दोन सेमच हायत की ओ बाई! नाणी दोन्ही सारखीच. कुठलं कुठलं हे कुणाला कळतंय?"

खरं सांगते, इतकी वर्षं मी ह्या प्रश्नाला "अगं ते वेगळं धरायचं असतं" असं उत्तर देत आले. धरायचं असतं! का धरायचं असतं हे सांगता आलं नाही की आम्ही मास्तर लोक हेच वाक्य फेकतो, क्ष धरायचा असतो, वेगळं धरायचं असतं, आणि पोरगं बिचारं धरतं, दुसरं काय करणार. ह्या वेळी मात्र ती पोरगी धरायला तयार नव्हती. मग मी एक नाणं रुपयाचं घेतलं आणि एक पाचाचं. म्हणलं आता? आता मात्र सगळे म्हणाले की चार, कारण रुपयावर छापा पाचावर काटा हे वेगळं आणि उलटं ते वेगळं, डोळ्यांना दिसतंय. "आणि दोन्ही रुपयाचीच असली तर?" "मग तीन." म्हणजे वर्गाचा एकमताने निकाल असा की रुपया आणि पाच उडवले तर मिश्र, म्हणजे एक छापा एक काटा, यायची शक्यता अर्धी, आणि रुपया-रुपया उडवले तर एक तृतीयांश. बेल झाली.

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. रात्री स्वयंपाक करताना हळदीचा डबा हातात होता आणि एकदम सुचलं.

दुसऱ्या दिवशी रुपयाची दोन नाणी घेऊन गेले, एकसारखी चकचकीत. विचारलं किती प्रकार, तीन म्हणाले. मग त्यांच्यासमोर एका नाण्यावर ओल्या हळदीचं बोट टेकवलं, दोन्ही बाजूंनी, जरा वाळू दिलं. आता किती? आता चार, कारण पिवळं वेगळं आणि साधं वेगळं. म्हणलं बरं, म्हणजे हळद लावायच्या आधी मिश्र यायची शक्यता एक तृतीयांश होती आणि हळद लावल्यावर ती अर्धी झाली? नाण्याला कळतंय का आपल्याला हळद लागलीय ते? लग्न ठरलंय का त्याचं?

हसले सगळे, आणि मग गप्प झाले. वर्गात असा गप्पपणा वर्षातून दोन-तीनदाच मिळतो बघा. मागच्या बाकावर तालमीत जाणारा एक पैलवान आहे, गणितात त्याचं नि माझं फारसं जमत नाही, तो हळूच म्हणाला, "म्हणजे बाई, ती आधीपासनंच येगळी व्हती. आपल्याला दिसत नव्हती एवढंच."

बस्स. मला जे दहावीला जमलं नव्हतं ते ह्या पोरानं एका वाक्यात सांगितलं. आपल्याला दोन निकाल सारखे दिसतात म्हणून ते एक होत नाहीत.

मग वीस जोड्या केल्या, प्रत्येक जोडीनं पन्नासदा नाणी उडवायची, निम्म्यांना हळदीची आणि निम्म्यांना साधी. फळ्यावर सगळ्यांची बेरीज केली, एकूण हजार. मिश्र पाचशेच्या जवळपास आले, तीनशे तेहतीसच्या आसपाससुद्धा नाहीत. हळदीवाल्यांचं आणि साध्यांचं जवळजवळ सारखंच. त्या पोरीनं स्वतः बेरीज दोनदा तपासली, मग बसली. (शेजारच्या वर्गातून निरोप आला की नाण्यांचा आवाज कमी करा.)

तिला वाईट वाटू नये म्हणून मी दालाँबेरची गोष्ट सांगितली. जाँ दालाँबेर हा अठराव्या शतकातला फ्रेंच गणिती, मोठा माणूस. फ्रान्समध्ये तेव्हा एक प्रचंड विश्वकोश निघत होता आणि त्याच्या संपादकांपैकी हा एक, तर १७५४ साली त्यात छापा-काट्यावर लिहिताना ह्यानं घोळ घातला. प्रश्न होता की नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा यायची शक्यता किती. त्याचं म्हणणं असं की पहिल्याच वेळी छापा आला तर खेळ संपला, दुसऱ्यांदा उडवायचं कशाला, म्हणजे प्रकार तीनच, पहिल्यांदाच छापा, किंवा काटा मग छापा, किंवा काटा-काटा. तिनातले दोन चांगले, म्हणून दोन तृतीयांश. खरं उत्तर तीन चतुर्थांश, कारण तो पहिला "छापा" एकटाच दोन घरांची जागा खातो, छापा-छापा आणि छापा-काटा. चुकीचा रस्ता थोडा वेगळा, पण खड्डा तोच, प्रकार मोजले आणि ते सगळे सारख्याच वजनाचे आहेत असं मानून मोकळा झाला. पोरीचा चेहरा एकदम उजळला. आता ती सगळ्यांना सांगते की माझी चूक विश्वकोशात छापून आलीय.

पुढच्या तासाला फासे. हे मी बैलगाडी शर्यत म्हणून केलं, कारण आमच्याकडच्या पोरांना शर्यत म्हणलं की दुसरं काही सांगावं लागत नाही. फळ्यावर रेघा मारल्या, दोन फासे टाकायचे, जी बेरीज येईल त्या नंबरची गाडी एक घर पुढं. गाडी आपापली निवडायची. एकानं १ निवडली! कोणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही, आणि तो तीन-चार मिनिटं जोरजोरात ओरडत होता "चल एक, चल एक" आणि मग त्याच्या लक्षात आलं की दोन फाशांची बेरीज एक कशी येईल. १२ नंबरला भलतीच मागणी, मोठा आकडा म्हणून. जिंकली ७ नंबरची गाडी, दुसऱ्या डावात ६ नंबरची, तिसऱ्यात परत ७. मग मात्र कोणाला काही सांगावं लागलं नाही, पोरांनीच छत्तीस चौकटींचा तक्ता काढला, एक फासा हिरव्या पेनानं आणि एक निळ्या (हळदीची युक्ती त्यांची त्यांनीच वापरली, मी नाही सुचवलं), आणि सातच्या सहा जागा मोजल्या, बाराची एक. बारावाला म्हणाला, "बाई फसवलं की ओ." फसवलं तर फसवलं.

आता गुणाकार. पुस्तकात सरळ येतं की दोन घटना स्वतंत्र असतील तर शक्यता गुणायच्या. पोरांना "आणि" म्हणलं की बेरीज आठवते, कारण पहिलीपासून दोन आणि तीन पाच असंच कानावर पडलंय. मग नाण्यावर छापा आणि फाशावर सहा, इथं "आणि" म्हणजे गुणाकार कसा काय? मी असं सांगते की शंभर वेळा नाणं उडवलंस, साधारण पन्नासदा छापा. आता त्या पन्नासातच परत फासा टाकायचा, बाकीचे पन्नास घरी गेले. त्या पन्नासातल्या सहाव्या हिश्श्याला सहा पडणार. म्हणजे अर्ध्याचा सहावा हिस्सा, आणि "चा" आला की गुणाकार हे अपूर्णांकात सहावीलाच झालंय. अट वाढली की माणसं गळतात, संख्या कमी होत जाते, बेरजेनं ती वाढली असती. एवढं सांगून थांबायचं, सूत्र नंतर.

बेरीज करायची सवय किती चिवट असते ते लुडोवरून कळलं. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर येत नाही, एकदा टाकून एक षष्ठांश, मग सहा वेळा टाकलं की सहा एक षष्ठांश मिळून एक, म्हणजे सहा येणारच. वर्गातल्या अर्ध्या पोरांनी हेच सांगितलं. म्हणलं टाका मग सहा-सहा वेळा प्रत्येकानं. जवळजवळ एक तृतीयांश वर्ग कोरडाच राहिला. हिशोब बघा, एकदा न पडायची शक्यता ५/६, सहाही वेळा न पडायची म्हणजे ५/६ स्वतःशीच सहा वेळा गुणायचा, ४६६५६ पैकी १५६२५, शंभरात तेहतीस-चौतीस. "निदान एकदा" असा शब्द दिसला की उलटं जायचं, एकदाही न पडायचं काढायचं आणि एकातून वजा करायचं. हे उलटं जाणं पोरांना फार आवडलं, मला वाटलेलं अवघड जाईल.

अवघड गेलं ते दुसरंच. गुणायचं कळल्यावर पोरं सगळंच गुणायला लागली. तेव्हा मी पुराचा विषय काढला. ह्या वर्गातली पोरं २०१९ ला अगदी लहान होती पण पूर सगळ्यांना आठवतो, कोणाच्या घरात भिंतीवर रेघ अजून आहे, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं. ४० फूट इशारा पातळी आणि ४५ धोका पातळी हे आमच्याकडं दुसरीतलं पोरगंसुद्धा सांगतं, पाढे येवोत न येवोत. म्हणलं, समजा ऑगस्टातल्या एखाद्या दिवशी कोयनेतून मोठा विसर्ग सुरू असायची शक्यता एक दशांश, आणि आयर्विनला पाणी चाळीसच्या वर असायची शक्यताही एक दशांश, आकडे मनाचेच धरले. मग दोन्ही एकाच दिवशी असायची शक्यता? एकानं पटकन सांगितलं एक शतांश. आणि तिकडून दुसरा ओरडला, "येडा हाईस काय, कोयना सोडल्यावर पाणी हितंच येतंय की! कराडला कृष्णेला मिळती आणि मग आपल्याकडं."

झालं. स्वतंत्र घटना म्हणजे काय ह्याची व्याख्या मी लिहून दिलीच नाही. एक झालं हे कळल्यावर दुसऱ्याबद्दलचा आपला अंदाज बदलतो का, एवढं विचारायचं. कोयनेचे दरवाजे उघडले हे ऐकल्यावर तू घरातलं सामान माळ्यावर टाकायला लागतोस ना, मग गुणायचं नाही सरळसरळ. आणि दरवाजे उघडले नसते तरी जो पाऊस तिकडं पडतो तोच खाली नदीलाही येतो, म्हणजे दोन्हीची आई एकच.

गुणायचं, पण बदलत्या आकड्यानं, ह्यासाठी मला लीलावतीतलं एक उदाहरण फार आवडतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास विचारलंय की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म आलटून-पालटून दिले तर किती प्रकारच्या मूर्ती होतील. उत्तर चोवीस, आणि केशव, नारायण, माधव अशी नावंही बरोबर चोवीसच आहेत, एका पोराचे आजोबा रोज म्हणतात ती. आता डोळे मिटून वाटलं तर ठरलेली एक मूर्ती व्हायची शक्यता किती? पहिल्या हातात हवी ती वस्तू यायची १/४, पण एक गेली की उरल्या तीन, म्हणून १/३, मग १/२, शेवटच्या हाताला निवडच नाही. गुणा, १/२४. त्याच पुस्तकात शंकराच्या दहा हातांचंही आहे, त्याचं उत्तर छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे येतं, ते पोरांनी घरी करून आणलं, दोघांनी कॅल्क्युलेटरवर केलं ते चेहऱ्यावरून कळलं.

आणि आता चिंचोके. आमच्या सासूबाईंचा श्रावणातला खेळ, आमच्याकडं चल्लस म्हणतात, कोणी अष्टाचंगा म्हणेल. चिंचोके फोडून चार अर्धे घ्यायचे, आतली बाजू पांढरी आणि बाहेरची काळी. टाकल्यावर जितके पांढरे वर तितकं दान, चारही पांढरे वर आले तर चार, आणि चारही काळे आले तर शून्य नाही, आठ! मला हे आधी का सुचलं नाही कोण जाणे, चार नाणी एकदम उडवण्यासारखंच आहे की हे. पोरांनी फांद्या-फांद्यांचं झाड काढलं, सोळा टोकं आली. आठची एक, एकची चार, दोनची सहा, तीनची चार, चारची एक. १, ४, ६, ४, १. मराठीच्या बाई दारातून डोकावल्या, त्यांना म्हणलं हे तुमचे लघु-गुरूच आहेत, चार अक्षरांत दोन लघु किती प्रकारे बसतात तेवढेच, आणि ते मोजता मोजता आपल्याकडं मेरुप्रस्तार, म्हणजे ह्याच आकड्यांचा त्रिकोण, झाला, दहाव्या शतकात हलायुधानं पिंगलाच्या छंदसूत्रांवर लिहिताना समजावलाय. त्या म्हणाल्या, वृत्त शिकवताना हे फळ्यावर काढायला या.

मग पैलवानाचा प्रश्न. "बाई, चारबी सोळात एक आणि आठबी सोळात एक. मग एकाला चार घरं आणि एकाला आठ कशापायी?"

मला उत्तर येत नव्हतं. तसं सरळ सांगितलं. मग म्हणलं एक चिंचोका घेऊन शंभरदा टाकून बघू, नाण्यासारखा वागतोय का. तीन-चार गटांनी टाकला. आमचे चिंचोके पांढरी बाजू जास्त वर टाकत होते, दहात साधारण सहा वेळा. तुमच्या चिंचोक्यांचं वेगळं निघेल, आकारावर आहे ते. पण आता गुणा, चारही पांढरे म्हणजे ०.६ चार वेळा, शंभरात तेरा. चारही काळे म्हणजे ०.४ चार वेळा, शंभरात अडीच. एका चिंचोक्यात सहा-चारचा किरकोळ फरक, आणि चार मिळून पाचपट! आठ खरंच दुर्मिळ होता. ज्या कोण्या बायकांनी हा खेळ बसवला त्यांना संभाव्यता माहीत नव्हती असं मी आता म्हणणार नाही.

घरी सासूबाईंना सांगायला गेले, त्या म्हणाल्या, "अगं त्यात काय, आठ कमीच पडतो, म्हणून तर त्याची किंमत."

शुक्रवारी वर्गात चल्लसच्या मॅचेस लावल्या. पैलवान स्वतःचे चिंचोके घेऊन आला होता. पाच-सहा दानांत दोनदा आठ. मला शंका आली, हातात घेऊन बघितले तर काळी बाजू फरशीवर घासून चांगली सपाट केलेली आणि पांढरी बाजू तशीच. विचारलं तर म्हणतो, "तुमीच म्हणला न्हवं बाई, आकारावर हाय म्हणून." चिंचोके जप्त केले. आता ते डायनिंग टेबलावर आहेत, रोज रात्री जेवण झाल्यावर एकेक टाकून मी नोंद करतेय, तिनाचं झालंय, चौथा राहिलाय, आणि सासूबाई रोज विचारतात, तुझं मोजून झालं का, झालं की मला दे.